डेटाबेस सर्व्हर अचानक गळ्यात पडलाय, सुरुवात कुठून करू?

निळीशाई
नमस्कार मंडळी. मी मूळची डेव्हलपर. क्वेरी लिहिणं, जॉइन, विंडो फंक्शन वगैरे हात बसलेला आहे. आमच्याकडे डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ दुसऱ्या विभागात गेले आणि "तुला एसक्यूएल येतं ना, मग तूच बघ" असं म्हणून सर्व्हर माझ्याकडे आला. पोस्टग्रेस (डेटाबेसचा प्रोग्रॅम) १३, लिनक्स मशीन, ६४ जीबी रॅम, डेटा साधारण ४०० जीबी. कॉन्फिग फाइल उघडली तर जवळजवळ सगळ्या ओळी जशा इन्स्टॉल होताना आल्या तशाच. कुणी म्हणतं आधी मेमरीची सेटिंग्ज सुधार, कुणी म्हणतं आधी अपग्रेड कर. पुस्तक उघडलं तर नॉर्मलायझेशनपासून सुरुवात, ते मला नकोय.

दोन प्रश्न:
पहिल्या आठवड्यात काय करू?
आणि कशाला हात लावू नको?

रात्रपाळी
कशालाच हात लावू नका. आधी एवढं शोधा: बॅकअप आहे का, आणि तो शेवटचा *परत चढवून* कुणी पाहिला होता? घेतला कधी ते विचारत नाहीये. याचं उत्तर मिळेपर्यंत मेमरी आणि अपग्रेड दोन्ही विसरा.

चिमणी_क्र२
अभिनंदन. आता कुठलीही गोष्ट हळू चालली की ती तुमच्यामुळेच.

जुनाखांब
रात्रपाळीताईंशी सहमत, जरा फोड करून सांगतो.

बॅकअप दोन जातींचे. एक पीजी_डंप, म्हणजे टेबलं आणि डेटा पुन्हा उभा करायच्या सूचनांची फाइल. दुसरा फिजिकल, म्हणजे पीजी_बेसबॅकअपने घेतलेली अख्ख्या डेटा डिरेक्टरीची प्रत, आणि तिच्यासोबत वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंदवही) सतत दुसरीकडे साठवत राहायचं. डंपवरून तुम्ही फक्त डंप सुरू झाला त्या क्षणापर्यंत परत जाता. रात्री २ ला डंप आणि संध्याकाळी ५ ला कुणी टेबल उडवलं तर पंधरा तासांचं काम गेलं. बेसबॅकअप आणि वॉल असतील तर ४:५९ ला थांबता येतं. ४०० जीबीला डंप परत चढवताना इंडेक्स सगळे नव्याने बांधावे लागतात, तो वेळ लोक धरतच नाहीत.

डंपमधली एक खोच: पीजी_डंप एका डेटाबेसचा असतो. रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली वेगळं चालवावं लागतं.

आणि "आमच्याकडे रेप्लिका आहे, बॅकअप कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. रेप्लिका (मुख्य सर्व्हरची सतत जुळत राहणारी प्रत) हा आरसा आहे, तुम्ही तोंड वाकडं केलं की तोही करतो. ड्रॉप टेबल (टेबल उडवायची आज्ञा) पलीकडे पोचायला क्षणही लागत नाही.

कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची हकिकत वाचा, त्यांनी स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली आहे. दुय्यम सर्व्हरची डिरेक्टरी पुसायची होती, पुसली गेली मुख्य सर्व्हरची. सुमारे ३०० जीबी. मग बॅकअप शोधायला गेले तर पीजी_डंप चालतच नव्हता, कारण सर्व्हर ९.६ आणि डंप करणारा प्रोग्रॅम ९.२ चा. तो अपयशाची मेल पाठवत होता, पण त्या मेल पलीकडे नाकारल्या जात होत्या. शेवटी वाचवलं ते सहा तास आधी कुणीतरी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने.

पाचवामजला
म्हणजे नियोजनाने सगळं गमावलं आणि योगायोगाने वाचवलं. 😀

सदाशंका
थोडा विरोधी सूर लावतो. "बॅकअप, बॅकअप" हा जप बरोबरच आहे, पण निळीशाईंच्या वाट्याला पहिल्या आठवड्यात जे येणार ते डिस्क जळणं नाही. येणार तो फोन: "सगळं अडकलंय, बघ जरा." तेव्हा बॅकअप काय कामाचा? आत काय चाललंय ते *बघायला* आधी शिका.

पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हा व्ह्यू रोज सकाळी उघडायचा, काही बिघडलेलं नसतानाच. कोण जोडलेलं आहे, कुठल्या मशीनवरून, कुठली क्वेरी, किती वेळ. निरोगी दिवस कसा दिसतो हे ठाऊक नसेल तर आजारी दिवस ओळखणार कसा? स्टेटमध्ये "आयडल इन ट्रान्झॅक्शन" असं दिसलं आणि शेजारी दोन तास लिहिलंय, तर समजा कुणीतरी बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) उघडून निघून गेलंय. त्याने धरलेली कुलपं तशीच, आणि त्याच्यामुळे व्हॅक्यूम नावाच्या सफाईलाही मेलेल्या (बदलून वा पुसून निकामी झालेल्या) ओळी साफ करता येत नाहीत.

आता असली गंमत. एक लांबलचक सिलेक्ट चालू आहे, निरुपद्रवी. तेवढ्यात कुणी त्याच टेबलावर ऑल्टर टेबल चालवलं, एक कॉलम वाढवायला. त्याला पूर्ण कुलूप हवं, म्हणून ते सिलेक्ट संपायची वाट बघत रांगेत उभं राहतं. आणि त्यानंतर आलेले *सगळे* सिलेक्ट त्या ऑल्टरच्या मागे. अर्ध्या मिनिटात कनेक्शन संपतात, साइट बंद. सीपीयू बघावा तर निवांत, डिस्क निवांत. ज्याला कुलपांची रांग माहीत नाही तो सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि "काहीतरी झालं होतं, आता ठीक आहे" असं कळवतो. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन कोण कुणामुळे अडलंय ते सरळ सांगतं. आणि असले बदल करण्यापूर्वी लॉक_टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवायचा. जमलं तर जमलं, नाहीतर माघार आणि पुन्हा प्रयत्न.

रात्रपाळी
@सदाशंका, फोन येईल हे कबूल. पण अडकलेला सर्व्हर तासाभराने तरी सुटतो. गेलेला डेटा कुठल्याही व्ह्यूमध्ये दिसत नाही. क्रमाचा मुद्दा आहे, महत्त्वाचा नव्हे.

आणि "कशाला हात लावू नको" याचं एक उत्तर इथेच देते. अडकलेली क्वेरी थांबवायला पीजी_कॅन्सल_बॅकएंड, नाहीच ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. ऑपरेटिंग सिस्टिममधून किल -९ कधीही नाही. एक प्रोसेस तशी मेली की पोस्टग्रेस सामायिक मेमरीवर भरवसा ठेवत नाही, सगळ्यांची कनेक्शन तोडून रिकव्हरीत जातो. एकाला मारायला गेलात आणि गाव उठलं.

मुळाक्षर
इथे सगळे पोस्टग्रेसवाले जमलेत, पण धाग्याचं नाव "डेटाबेस सर्व्हर" आहे म्हणून मायएसक्यूएलवाल्यांसाठी थोडं. बॅकअपची गोष्ट तीच. मायएसक्यूएलडंपला --सिंगल-ट्रान्झॅक्शन द्या, म्हणजे टेबलं न अडवता एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. पण ते फक्त इनोडीबी (टेबलं साठवायची एक पद्धत) टेबलांसाठी. जुन्या सर्व्हरवर मायआयसॅम या आधीच्या पद्धतीची टेबलं दडलेली असतात (इनोडीबी डीफॉल्ट झालं ५.५ पासून), ती आधी शोधा.

दुसरं म्हणजे कॅरेक्टर सेट. मायएसक्यूएलमध्ये नुसतं यूटीएफ८ म्हणजे एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट. आपलं देवनागरी बरोबर ३ बाइटांत मावतं, त्यामुळे मराठी मजकूर वर्षानुवर्षं सुखाने चालतो आणि कुणाला शंकाही येत नाही. मग एके दिवशी कुणी इमोजी टाकतो. ते ४ बाइटांचं. सर्व्हर कडक मोडमध्ये असेल तर एरर, नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर गायब. उत्तर यूटीएफ८एमबी४, जे ८.० पासून डीफॉल्ट आहे. जुनी टेबलं मात्र आपोआप बदलत नाहीत.

पाचवामजला
माझ्या वरच्या प्रतिसादात इमोजी आहे आणि धागा जिवंत आहे. म्हणजे इथला ॲडमिन जागा आहे. 😀😀

चिमणी_क्र२
किंवा ८.० वर आहे आणि झोपला आहे.

टंकाळा
मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल चालवलं की चालू ट्रान्झॅक्शन गुपचूप कमिट होतं, हे मुळाक्षर सांगायला विसरले बहुतेक. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलूनही रोलबॅक करता येतं.

मुळाक्षर
विसरलो नाही, वाटच बघत होतो कोण आधी काढतंय ते. पोस्टग्रेसमध्ये एक ओळ बदलली की जुनी ओळ तिथेच पडून राहते आणि मागून झाडू घेऊन फिरावं लागतं, ते तुम्ही कसं विसरलात?

जुनाखांब
झालं सुरू. अहो, दोन्ही चालतात. ज्याचा सर्व्हर गळ्यात पडलाय तोच सगळ्यात चांगला.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. मधल्या काळात शोधाशोध केली.

बॅकअप आहे! रोज रात्री क्रॉनमधून पीजी_डंप, कस्टम फॉरमॅट, सात दिवसांच्या फाइल्स. पण कुठे? त्याच मशीनवर. त्याच डिस्कवर. 🤦 लगेच दुसऱ्या मशीनवर प्रत जाईल अशी व्यवस्था लावली.

मग जुन्या चाचणी मशीनवर रिस्टोर लावला. जुनाखांबकाकांनी सांगितलं तसंच झालं, "रोल अस्तित्वात नाही" अशा एररचा पाऊस. ग्लोबल्सची फाइल काढून आधी ती चढवली, मग पुन्हा केलं. रिस्टोर अजून रांगतोय.

तोवर मेमरीबद्दल विचारते. शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) १२८ एमबी आहे आणि रॅम ६४ जीबी. हे तरी बदलू ना?

टंकाळा
हे बदला, बिनधास्त. रॅमच्या एक चतुर्थांशापासून सुरुवात करतात, म्हणजे तुमच्याकडे १६ जीबी. "उरलेली ४८ वाया" असं वाटू देऊ नका, ऑपरेटिंग सिस्टिम ती फाइल कॅशसाठी वापरते आणि पोस्टग्रेस त्या कॅशवर विसंबूनच बांधलेला आहे. इफेक्टिव्ह_कॅश_साइझ नावाचं सेटिंग दिसेल, ते एक बाइटही अडवत नाही. प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) फक्त अंदाज देतं.

खरा सापळा वर्क_मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामांना मिळणारी मेमरी. डीफॉल्ट ४ एमबी बघून लोकांना कीव येते आणि ते २५६ करून मोकळे होतात. ही मर्यादा कनेक्शनमागे नाही, *प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे* आहे. एका क्वेरीत असे चार टप्पे असतील आणि १०० कनेक्शन एकदम चालली तर २५६ गुणिले ४ गुणिले १००, साधारण १०० जीबी. रोज असं होणार नाही. महिनाअखेरच्या रिपोर्टच्या दिवशी होईल, मग लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) येऊन एखादी प्रोसेस उडवेल, आणि पुढे काय होतं ते रात्रपाळींनी किल -९ मध्ये सांगितलंच आहे. सर्व्हरभर थोडीच वाढवा, जड रिपोर्टला त्याच्या सेशनपुरती जास्त द्या.

शेअर्ड_बफर्सला रीस्टार्ट लागतो, वर्क_मेमला लागत नाही. कुठल्या सेटिंगला काय लागतं ते पीजी_सेटिंग्ज व्ह्यूच्या कॉन्टेक्स्ट कॉलममध्ये आहे. एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह लिहून ठेवा.

सदाशंका
टंकाळांना जोडून: मॅक्स_कनेक्शन्स १०० वरून १००० करा असं ॲप्लिकेशनवाले कधीतरी म्हणणारच. प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते. हजार कनेक्शनमुळे कामं लवकर होत नाहीत, सगळी मिळून हळू होतात. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवा.

कोराकागद
इतकं सगळं करण्यापेक्षा क्लाउडवरची मॅनेज्ड सेवा घ्या की. बॅकअप, पॅच, डिस्क सगळं ते बघतात. २०२० नंतर हाताने डेटाबेस कोण चालवतं?

रात्रपाळी
घ्यावी, परवडत असेल तर जरूर घ्यावी. पण तिथेही वर्क_मेम तुम्हीच ठरवता, आयडल इन ट्रान्झॅक्शन तुमचंच, ऑल्टरची रांग तुमचीच. आणि बॅकअप ते घेतात, परत चढवून बघत तुम्हालाच बसावं लागतं. हार्डवेअरची चिंता जाते, डेटाची जात नाही.

कोराकागद
मान्य. पण रात्री २ ला डिस्क बदलायला मी जाणार नाही एवढं तरी मिळतं.

उंटावरचा
सुरक्षिततेवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पीजी_एचबीए फाइल (कुणाला कसं जोडू द्यायचं ते ठरवणारी) उघडा. ती वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. पुढच्या ओळी बघितल्याच जात नाहीत. खाली कितीही कडक नियम लिहा, वर कुठेतरी "ट्रस्ट" (पासवर्ड न विचारता आत) असेल तर सगळं मुसळ केरात. तुमच्या आधीच्या गृहस्थांनी "तात्पुरतं" म्हणून एखादी अशी ओळ ठेवली असण्याची शक्यता दाट आहे. पासवर्डची पद्धत एमडी५ असेल तर स्क्रॅमवर (त्याहून मजबूत पद्धत) जा. १४ पासून तीच डीफॉल्ट आहे, तुमच्या १३ वर हाताने करावी लागेल, आणि बदलल्यावर सगळ्यांचे पासवर्ड नव्याने सेट करावे लागतील.

लिसन_अ‍ॅड्रेसेस बघा. ५४३२ पोर्ट बाहेरच्या जगाला दिसायचं काहीच कारण नाही. आणि ॲप्लिकेशन कुठल्या रोलने जोडतं? सुपरयूझरने असेल तर ते आधी बदला.

"आमच्याकडे कोण येतंय" म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा वर्म एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ पोर्टमधून काही मिनिटांत जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टचा पॅच आदल्या जुलैपासून उपलब्ध होता. लावला नव्हता, इतकंच.

वाचनमात्र
पॅचवरून आठवलं. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मेजर व्हर्जनला पाच वर्षं आधार असतो. १३ चा नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. म्हणजे अपग्रेड सांगणाऱ्यांचंही चुकलं नव्हतं, फक्त पहिल्या दिवशी नको.

पीजी_अपग्रेडने कराल. १७ पर्यंतच्या व्हर्जनवर गेलात तर प्लॅनरची आकडेवारी सोबत येत नाही आणि पहिल्या सकाळी सगळ्या क्वेरी वेड्यासारख्या वागतात. १८ मध्ये बरीचशी येते. तरी अ‍ॅनालाइझ चालवाच.

याहून छुपी गोष्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. मजकुराचा सॉर्टिंगचा क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतो. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये तो क्रम बराच बदलला. जुन्या लिनक्सवरची डेटा डिरेक्टरी उचलून नव्यावर ठेवली की मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेले आणि शोध नव्या क्रमाने. ओळ टेबलात आहे, पण इंडेक्समधून सापडत नाही. युनिक असूनही तेच नाव दोनदा शिरतं. एरर शून्य. असं हलवलंत तर मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करा. डंप-रिस्टोरने गेलात तर हा प्रश्न येत नाही, कारण इंडेक्स नव्याने बांधले जातात.

चिमणी_क्र२
हे वाचून मी माझ्या सर्व्हरकडे संशयाने बघायला लागलोय.

जुनाखांब
वाचनमात्र असून एवढं लिहिलंत! उत्तम प्रतिसाद.

निळीशाई, "हात लावू नको"च्या यादीत माझी भर. डिस्क भरली की लोक मोठी डिरेक्टरी शोधतात. पूर्वी वॉलच्या डिरेक्टरीचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. "लॉग आहे, उडवा" म्हणून लोकांनी ती रिकामी केली आणि डेटाबेस उठेनासे झाले. २०१७ मध्ये व्हर्जन १० ला नाव बदलून पीजी_वॉल केलं, यातच सगळं आलं. ती डिरेक्टरी फुगत असेल तर कारण शोधा. एकतर अर्काइव्ह_कमांड (वॉल दुसरीकडे साठवणारी आज्ञा) अपयशी होतेय, नाहीतर बंद पडलेल्या रेप्लिकाचा रेप्लिकेशन स्लॉट मागे राहिलाय आणि "माझ्यासाठी ठेवा" म्हणत सगळं धरून बसलाय. तुमच्या १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आहे, त्याला मर्यादा घाला.

एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं सेटिंग) बंद केलं की वेग वाढतो असं कुठेतरी वाचाल. खरंच वाढतो. वीज गेली की डेटा फाटतो.

टंकाळा
आणि ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारं व्हॅक्यूम! "त्यामुळे स्लो होतं" म्हणून बंद करणारे भेटतील. उलट मोठ्या टेबलांवर ते जास्त वेळा चालायला हवं. डीफॉल्ट ०.२ म्हणजे दहा कोटी ओळींच्या टेबलात दोन कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत ते हलतच नाही. अशा टेबलापुरता तो आकडा ०.०१ वगैरे करा. अगदी बंद केलंत तरी टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शन झालं की ते जबरदस्तीने सुरू होतं, कारण ट्रान्झॅक्शन आयडीचं चक्र साधारण दोनशे कोटींवर उलटतं. ते उलटू देण्यापेक्षा सर्व्हर नवीन लिखाण नाकारणं पसंत करतो.

(मुळाक्षर, हो, हाच तो झाडू.)

मुळाक्षर
मी काही बोललो का?

पाचवामजला
एक फुकटची युक्ती. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचा प्रोग्रॅम) प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव आणा आणि मुख्य सर्व्हरवर तो लाल करा. गिटलॅबची गोष्ट वाचल्यावर कारण सांगायला नको. डिलीट करण्याआधी बिगिन लिहा, किती ओळी गेल्या ते वाचा, मगच कमिट. आणि कमिट न करता उठू नका, नाहीतर सदाशंकांच्या यादीत तुमचं नाव येईल.

निळीशाई
रिस्टोर पूर्ण झाला! टेबलांच्या ओळी मोजून ताडून पाहिल्या, जुळल्या. पण जवळजवळ अख्खी रात्र गेली. वरिष्ठांना विचारलं, "सर्व्हर गेला तर किती वेळ बंद चालेल आणि किती वेळाचा डेटा गेलेला चालेल?" उत्तर आलं, "अर्धा तास, आणि डेटा अजिबात नाही." रात्रीच्या डंपने यातलं काहीच जमणार नाही हे लेखी कळवलंय. आता बेसबॅकअप आणि वॉल अर्काइव्हिंग, आणि अर्ध्या तासासाठी रेप्लिका, असं मांडतेय.

पीजी_एचबीएमध्ये ट्रस्टची ओळ सापडली, बरं का उंटावरचा. शेजारी टिप्पणी होती: "नंतर काढणे."

उंटावरचा
वर्ष लिहिलं होतं का?

निळीशाई
नाही. पण त्या ओळीतल्या आयपीचं मशीन आता अस्तित्वातच नाही.

रात्रपाळी
काम चोख केलंत. दोन गोष्टी. रिस्टोर करताना -जे देऊन समांतर चालवला होता का? कस्टम फॉरमॅटला ते चालतं आणि इंडेक्स बांधायचा वेळ बराच उतरतो. डंप घेतानाही समांतर हवं असेल तर डिरेक्टरी फॉरमॅट लागेल. दुसरं, वरिष्ठांना "डेटा अजिबात नाही" म्हणजे सिंक्रोनस रेप्लिका (तिच्याकडे पोचल्याशिवाय कमिट पक्का होत नाही), आणि ती एकच असून बंद पडली तर मुख्य सर्व्हरवरचे कमिट अडून बसतात, हेही लेखीच कळवा. दोन रेप्लिकांचा खर्च ऐकला की "अजिबात"चं "पाच मिनिटं" होतं असा अनुभव आहे.

निळीशाई
-जे दिलं नव्हतं. आज रात्री ८ देऊन पुन्हा लावते, वेळ इथे कळवीन. शेअर्ड_बफर्सचा रीस्टार्ट रविवारी पहाटे ठरलाय.